मार्ग बर्फ ठरवतो

ध्रुवीय प्रदेशांकडे जाणारी मोहीम-सफर, म्हणजे एक्स्पिडिशन क्रूझ, नेहमीच्या क्रूझहून मुळातच वेगळी असते. भूमध्य समुद्रातल्या किंवा सिंगापूरच्या क्रूझवर बंदरांची यादी वर्षभर आधी ठरलेली असते आणि जहाज वेळेवर त्या त्या धक्क्याला लागते. अंटार्क्टिकात पर्यटकांसाठी धक्का नाही, बाजार नाही, हॉटेल नाही. जहाज एखाद्या खाडीत थांबते, प्रवासी झोडियॅक नावाच्या हवा भरलेल्या रबरी होड्यांतून किनाऱ्यावर जातात आणि दोन-तीन तासांत परत येतात. उद्या कुठे उतरायचे याचा बेत कॅप्टन आणि मोहीमप्रमुख आदल्या संध्याकाळी आखतात आणि सकाळी वारा फिरला, खाडीच्या तोंडाशी बर्फ येऊन अडकला, तर तो बेत मोडतात. माहितीपत्रकातली ठिकाणे नुसती शक्यता म्हणून छापलेली असतात. कंपनीच्या करारपत्रात तसे स्पष्ट लिहिलेलेही असते.

हे ध्यानात घेतले की आखणीचा क्रमच बदलतो. एवढे पैसे मोजणारा माणूस साहजिकच आधी केबिनचा आकार, बाल्कनी, जेवणाची दालने यांची चौकशी करतो. पण या सफरीत पैशाने मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बर्फाजवळ घालवलेला वेळ. तो वेळ प्रत्यक्ष ध्रुवीय प्रदेशात मिळणारे दिवस, जहाजावरची प्रवासीसंख्या आणि प्रवासाचा महिना यांवर ठरतो. केबिनचा विचार त्यानंतर केला तरी चालतो.

या प्रकाराच्या पर्यटनाचा पाया स्वीडनमध्ये जन्मलेल्या लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी घातला. १९६६ मध्ये त्यांनी पर्यटकांची एक तुकडी अंटार्क्टिकाला नेली आणि १९६९ मध्ये याच कामासाठी बांधलेले 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' हे छोटे जहाज समुद्रात उतरवले. प्रवाशांबरोबर पक्षितज्ज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, इतिहासाचे जाणकार न्यायचे, संध्याकाळी व्याख्याने ठेवायची आणि दिवसा त्यांच्याच सोबतीने किनाऱ्यावर उतरायचे, ही त्यांची पद्धत आज जवळजवळ प्रत्येक मोहीम-जहाजावर रूढ आहे. प्रवाशांची संख्या मात्र तेव्हाच्या मानाने अफाट वाढली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका हंगामात सात हजारांहून कमी पर्यटक अंटार्क्टिकाला जात. २०२३-२४ च्या हंगामात हा आकडा सव्वा लाखाच्या जवळ पोहोचला. त्यांतले सुमारे एक तृतीयांश लोक जमिनीवर न उतरता जहाजावरूनच किनारा पाहून परतले.

पहिला निर्णय दिशेचा. दक्षिणेला समुद्राने वेढलेला खंड आहे, उत्तरेला जमिनींनी वेढलेला समुद्र. पेंग्विन फक्त दक्षिणेत, ध्रुवीय अस्वले फक्त उत्तरेत. उत्तरेत इन्युइटांसारखे लोक हजारो वर्षे राहत आले आहेत, तिथे गावे, शाळा, मासेमारीची बंदरे आहेत. अंटार्क्टिकात संशोधन केंद्रांतल्या माणसांखेरीज कोणीच राहत नाही. निखळ बर्फाचे विराट रूप आणि प्राण्यांचे प्रचंड थवे पाहायचे असतील तर दक्षिण, आणि बर्फाबरोबर माणसाचे जगणेही समजून घ्यायचे असेल तर उत्तर, असा ढोबळ विभाग करता येतो.

अंटार्क्टिकाला जाणारे बहुसंख्य पर्यटक अंटार्क्टिक द्वीपकल्पावर जातात. दक्षिण अमेरिकेकडे हात लांबवल्यासारखा हा भूभाग खंडाचा सर्वांत जवळचा आणि उन्हाळ्यात सर्वांत सौम्य भाग आहे. जहाजे अर्जेंटिनाच्या टिएरा देल फुएगो प्रांतातल्या उशुआया बंदरातून सुटतात, बीगल खाडीतून बाहेर पडतात आणि ड्रेक सामुद्रधुनी ओलांडतात. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागीही सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे. या अक्षांशावर पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी वाऱ्याला अडवणारी जमीन लागत नाही, त्यामुळे वारा आणि लाटा दोन्ही मोकाट असतात. ओलांडायला जाताना दीड ते दोन दिवस लागतात आणि येताना तेवढेच. म्हणजे जाहिरातीतल्या दहा-अकरा दिवसांच्या सफरीत द्वीपकल्पावर प्रत्यक्षात पाच-सहा दिवसच मिळतात. त्यांतला एखादा दिवस हवामान गिळते. दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करायची तर भागाकार एकूण दिवसांनी न करता या पाच-सहा दिवसांनी करावा. स्वस्त वाटणारी सफर मग बरेचदा तितकी स्वस्त राहत नाही.

ड्रेकची धास्ती असणाऱ्यांसाठी विमानाचा पर्याय आहे. चिलीतल्या पुंता अरेनासहून निघालेले विमान सुमारे दोन तासांत किंग जॉर्ज बेटावरच्या खडीच्या धावपट्टीवर उतरते आणि प्रवासी तिथेच जहाजात चढतात. रजा कमी असलेल्यांना आणि समुद्र मुळीच न सोसणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा आहे. मात्र धुके आले की विमान उतरू शकत नाही आणि प्रवासी पुंता अरेनासच्या हॉटेलात वाट पाहत बसतात. विलंब किती दिवसांचा झाला तर सफर रद्द धरली जाते आणि पैसे कसे परत मिळतात, हे कलम आरक्षणापूर्वी वाचायलाच हवे. शरीराला झेपत असेल तर निदान एका बाजूचा प्रवास समुद्रातून करावा. जहाजामागे तासन्‌तास पंख न हलवता तरंगणारे अल्बाट्रॉस, एका विशिष्ट पट्ट्यात पाण्याचे तापमान एकदम काही अंशांनी उतरणे आणि मग क्षितिजावर पहिला हिमनग दिसणे, हे विमानातून मिळत नाही.

हाताशी तीन आठवडे असतील तर दक्षिण जॉर्जिया बेट जोडून घ्यावे. सेंट अँड्र्यूज बे आणि सॅलिसबरी प्लेन इथे किंग पेंग्विनच्या वसाहती किनाऱ्यापासून टेकड्यांपर्यंत पसरलेल्या असतात. ग्रिटविकेन या देवमाशांच्या जुन्या कारखान्याजवळच्या लहानशा स्मशानभूमीत ध्रुवसंशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांची कबर आहे. त्यांचे 'एन्ड्युरन्स' जहाज १९१५ मध्ये वेडेल समुद्रात बर्फाने चिरडून बुडाले; पुढच्या वर्षी ते मोजक्या साथीदारांसह एका उघड्या होडीतून याच बेटावर मदतीसाठी पोहोचले आणि मागे राहिलेल्या सर्वांना सोडवून आणले. 'एन्ड्युरन्स'चे अवशेष मार्च २०२२ मध्ये सुमारे ३,००० मीटर खोलीवर सापडले. कबरीपाशी उभे राहणाऱ्याला हा इतिहास आधी ठाऊक असेल तर त्या भेटीचे मोल कितीतरी वाढते, म्हणून निघण्यापूर्वी थोडे वाचन करणे हाही आखणीचाच भाग समजावा. रॉस समुद्राकडे न्यूझीलंडहून जाणाऱ्या सफरी महिनाभराच्या असतात आणि मोजक्याच निघतात.

उत्तरेकडे पहिली पसंती नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाला मिळते. तिथले मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि ओस्लोहून तिथे नियमित विमाने जातात, त्यामुळे ड्रेकसारखा अडथळा नाही. पूर्व ग्रीनलंडमधला स्कोर्सबी साउंड हा जगातला सर्वांत मोठा फ्योर्ड समूह मानला जातो; तिथे हिमनगांची आणि शरद ऋतूतल्या लाल-पिवळ्या टुंड्राची जोड पाहायला मिळते. खुद्द उत्तर ध्रुवावर जाणारी जहाजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मुर्मान्स्कहून निघणारे रशियाचे अणुशक्तीवरचे बर्फफोडे जहाज '५० लेत पोबेदी' पर्यटकांना ध्रुवावर नेत असे. फ्रेंच कंपनीचे 'ल कमांदाँ शार्को' २०२१ मध्ये सेवेत आले. जाड समुद्रबर्फ फोडत जाणारे आणि तरीही पंचतारांकित सोयी असलेले ते पहिलेच प्रवासी जहाज. अशा सफरीचा दर द्वीपकल्पाच्या सफरीच्या काही पट असतो.

महिन्याची निवड दक्षिणेत फार महत्त्वाची ठरते. तिथला हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. नोव्हेंबरमध्ये बर्फ ताजा आणि अस्पर्श असतो, पेंग्विन दगडगोटे वेचून घरटी रचत असतात, पण काही खाड्या अजून गोठलेल्या असतात. डिसेंबरची अखेर आणि जानेवारी हा पिल्लांचा काळ. दिवस जवळजवळ मावळत नाही आणि दरही सर्वांत चढे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे मोठ्या संख्येने दिसतात आणि समुद्रबर्फ मागे हटल्याने अंटार्क्टिक वर्तुळ ओलांडण्याची शक्यता वाढते. मात्र पेंग्विनच्या वसाहती तोवर चिखलाने आणि विष्ठेने माखलेल्या असतात आणि त्यांचा उग्र वास किनाऱ्याच्या बराच अलीकडे येतो. यांतला 'उत्तम' महिना कोणता याला उत्तर नाही. देवमासे पाहायचे की पिल्ले, एवढेच ठरवावे लागते. स्वालबार्डचा जहाजी हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. लाँगइयरब्येनमध्ये एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. अस्वले बर्फाच्या कडेने शिकार करतात, म्हणून बर्फ शिल्लक असलेला जून-जुलैचा काळ त्यांच्यासाठी चांगला.

आता जहाज. अंटार्क्टिकाला पर्यटक नेणाऱ्या बहुतेक कंपन्या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या 'आयाटो' या संघटनेच्या सदस्य आहेत. संघटनेच्या नियमानुसार एका ठिकाणी एका वेळी १०० हून जास्त प्रवासी उतरवता येत नाहीत, एका ठिकाणी एका वेळी एकच जहाज असते, आणि ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही जमिनीवर उतरता येत नाही. प्रवासीसंख्येचे महत्त्व इथे उलगडते. जहाजावर ९० जण असतील तर सगळे एकदम उतरतात आणि पूर्ण तीन तास किनाऱ्यावर राहू शकतात. १९० असतील तर निम्मे जमिनीवर आणि निम्मे होडीतून हिमनगांमध्ये, मग अदलाबदल. हीही व्यवस्था चांगली चालते. ४०० असतील तर चार पाळ्या होतात, प्रत्येकाच्या वाट्याला तासभर येतो आणि उरलेला वेळ जहाजावर नाव पुकारले जाण्याची वाट पाहण्यात जातो. मोठ्या जहाजावर लाटा कमी जाणवतात, नाट्यगृह असते, दरही थोडे उतरतात. पण एवढ्या दूर येऊन किनाऱ्यावर तासभरच मिळणार असेल तर सौदा महागच पडतो. म्हणून २०० च्या आतले जहाज निवडावे, असे ठामपणे म्हणता येते. किनाऱ्यावर दर वीस प्रवाशांमागे निदान एक मार्गदर्शक असावा लागतो. चांगली जहाजे त्याहून जास्त ठेवतात, आणि त्यांच्या नावानिशी यादीत शास्त्रज्ञ किती हे विचारण्यात काही वावगे नाही.

जहाजाची बर्फात टिकण्याची क्षमता 'पोलर क्लास'च्या क्रमांकाने सांगितली जाते. आकडा जितका लहान तितके जहाज दणकट. उन्हाळ्यातल्या द्वीपकल्पासाठी सहावा वर्ग पुरतो आणि बहुतेक नवी आलिशान जहाजे त्याच वर्गातली आहेत. 'शार्को' दुसऱ्या वर्गातले आहे. २०१९ पासून आलेल्या काही जहाजांचा पुढचा भाग नेहमीसारखा पुढे झुकलेला नसून मागे कललेला असतो. नॉर्वेत विकसित झालेला हा आकार लाटेवर आदळण्याऐवजी तिच्यातून शिरतो, त्यामुळे हिसके कमी बसतात. आलिशान जहाजांवर याखेरीज खाजगी सेवक, गरम पाण्याचे कुंड, हेलिकॉप्टर, सहा-सात जणांची पाणबुडी असे काय काय मिळते. यांतल्या हेलिकॉप्टर आणि पाणबुडीवर भिस्त ठेवू नये. वारा, दृश्यमानता आणि परवाने यांवर ती चालतात आणि बरेचदा त्यांचे भाडे वेगळे असते. खरी चैन लहान गोष्टींत सापडते: ओली पादत्राणे सुकवायची गरम खोली, काचेआडची उबदार बसायची जागा, प्रवाशांना उघडा असलेला जहाजाचा सुकाणूकक्ष. केबिन निवडताना ज्यांना समुद्र लागतो त्यांनी वरच्या मजल्यावरचे महागडे दालन टाळून मधल्या भागातले, खालच्या मजल्यावरचे घ्यावे; जहाजाचे हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात.

किनाऱ्यावर उतरण्याची रीत समजून घेतली की तयारीतल्या अर्ध्या गोष्टींचे कारण कळते. सकाळी ध्वनिवर्धकावरून गटाचे नाव पुकारले जाते. प्रवासी तळमजल्यावरच्या एका दालनात येतात, तिथे प्रत्येकाच्या नावाचा कप्पा असतो आणि त्यात जहाजाने वापरायला दिलेले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. पाण्यात पडल्यास आपोआप फुगणारे जीवरक्षक जाकीट चढवायचे, जंतुनाशकाच्या तबकात बूट बुडवायचे, मग दाराशी आपले ओळखपत्र यंत्रावर टेकवायचे. कोण जहाजाबाहेर आहे आणि कोण आत, याची ती नोंद. पायऱ्यांच्या तळाशी होडी लाटेबरोबर फूटभर वर-खाली होत असते. खलाशाचा हात बोटांनी न धरता कोपराखाली मनगटाजवळ पकडायचा आणि त्याने आपला तसाच; ओली बोटे निसटतात, ही पकड निसटत नाही. होडीच्या काठावर बसायचे, सरकत आपल्या जागी जायचे. किनाऱ्याशी तोंड समुद्राकडे वळवून दोन्ही पाय बाहेर टाकायचे आणि पोटरीभर बर्फाळ पाण्यात उभे राहायचे. इथे साधी पँट असेल तर ती भिजते आणि पुढचे दोन तास हुडहुडीत जातात. जलरोधक पँट बुटाच्या बाहेरून खाली ओढलेली हवी, आत खोचलेली नको, नाहीतर लाटेचे पाणी बुटात भरते.

वर मार्गदर्शकांनी लाल झेंड्यांनी वाट आखलेली असते. पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर ठेवायचे, आणि पेंग्विन स्वतः जवळ आला तर स्तब्ध उभे राहायचे. समुद्राकडे जाण्या-येण्याच्या त्यांच्या पायवाटा बर्फात खोल रुतलेल्या दिसतात. त्या अडवायच्या नाहीत. पाऊल मांडीपर्यंत बर्फात गेले तर निघताना तो खड्डा बुजवायचा, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला वर येता येत नाही. नेको हार्बरसारख्या ठिकाणी समोरच्या हिमनदीचा कडा कोसळला तर मोठी लाट किनाऱ्यावर येते, म्हणून तिथे पाण्याच्या कडेला रेंगाळू दिले जात नाही. अलीकडे आणखी एक नियम कडक झाला आहे: बसायचे नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियात आणि नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या भागात पक्ष्यांमधला अतिघातक फ्लू आढळला, आणि माणसाच्या कपड्यांतून तो एका वसाहतीतून दुसरीकडे जाऊ नये यासाठी हा बंदोबस्त. जहाज सुटल्यावर पहिल्याच दिवशी खिसे, बॅगेच्या शिवणी, चिकटपट्ट्या व्हॅक्यूमने साफ करून गवताचे बी, माती काढून टाकावी लागते. दक्षिण जॉर्जियात तर सरकारी अधिकारी जहाजावर येऊन प्रवाशांच्या बुटांची तपासणी करतात. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी त्या बेटावरच्या पक्ष्यांचा दोनशे वर्षे संहार केला. मोठ्या मोहिमेनंतर २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. ती मेहनत एखाद्याच्या बुटातल्या मातीने वाया जाऊ नये, ही त्यांची काळजी रास्तच आहे. हौशी ड्रोन उडवायलाही किनारी भागात बंदी आहे.

या नियमांच्या मुळाशी १९५९ चा अंटार्क्टिक करार आणि १९९१ मध्ये माद्रिदला झालेला पर्यावरण संरक्षणाचा प्रोटोकॉल आहे. दक्षिणेकडच्या समुद्रात जड इंधन तेल वापरायला ऑगस्ट २०११ पासून बंदी आहे. उत्तरेत स्वालबार्डने १ जानेवारी २०२५ पासून नियम आणखी आवळले: संरक्षित क्षेत्रात २०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही, उतरण्याच्या जागा ठरवून दिल्या आहेत, आणि ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, तर मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते. अस्वल जवळून पाहण्याची आस असलेल्यांनी म्हणून चांगली दुर्बीण आणि लांब पल्ल्याची लेन्स यांवर खर्च करावा. किनाऱ्यावर उतरताना मार्गदर्शकांच्या खांद्याला बंदूक असते आणि ते आधी परिसर न्याहाळून खात्री करतात.

नियम पाळूनही या पर्यटनाची झळ बर्फाला लागतेच. माणसांची वर्दळ असलेल्या जागांजवळच्या बर्फात काजळीचे प्रमाण जास्त आढळते. काळवंडलेला बर्फ ऊन अधिक शोषतो आणि लवकर वितळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने हिशेब मांडला की अंटार्क्टिकाला गेलेल्या एकेका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ वेळेआधी वितळतो. जिथे पर्यटक उतरतात तो द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा मुळातच तापत आहे. बर्फावर अवलंबून असणारे अॅडेली पेंग्विन तिथे घटले आहेत आणि उघड्या खडकावर घरटी करणारे जेंटू वाढले आहेत. दर वर्षी एक सफर करण्याऐवजी आयुष्यात एकदाच, पण जास्त दिवसांची सफर करणे आणि संकरित इंजिनाचे लहान जहाज निवडणे, एवढे तरी प्रवाशाच्या हाती असते.

मराठी वाचकांच्या मनात अंटार्क्टिका म्हटले की 'मैत्री' केंद्र येते. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघाली, आणि आजही या मोहिमांची सूत्रे वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. पण 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात, पर्यटकांच्या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटरवर आहेत. पर्यटक जहाजातून ती दिसत नाहीत. उत्तरेतले 'हिमाद्री' हे २००८ मध्ये सुरू झालेले केंद्र मात्र स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंद वस्तीत आहे आणि अनेक जहाजे त्या वस्तीला भेट देतात. आत जाता येत नसले तरी भारताचे नाव असलेली इमारत बाहेरून पाहता येते.

धोका किती, हा प्रश्न दडवू नये. लिंडब्लाड यांचेच जहाज, पुढे 'एक्सप्लोरर' या नावाने चालणारे, २३ नोव्हेंबर २००७ रोजी दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाले. त्यातले सर्व १५४ जण जीवरक्षक नौकांत उतरले आणि काही तासांनी दुसऱ्या प्रवासी जहाजाने त्यांना उचलून घेतले. हवामान शांत होते, हे सुदैव. सप्टेंबर २०२३ मध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या फ्योर्डमध्ये २०६ जणांचे एक आलिशान जहाज गाळात रुतले. ते ओढून काढायला तीन दिवस लागले. जहाजाची बांधणी, जीवरक्षक साधने, खलाशांचे प्रशिक्षण यांसाठी जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय 'पोलर कोड' लागू आहे, पण मदत दूर असते ही वस्तुस्थिती कोणत्याही नियमाने बदलत नाही.

म्हणून प्रकृतीची आखणी मनापासून करावी. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, शस्त्रक्रियागृह नसते. हृदयविकाराचा झटका आला किंवा हाड मोडले तर रुग्णाला किंग जॉर्ज बेटापर्यंत न्यायचे आणि विमान उतरण्याइतके हवामान निवळायची वाट पाहायची, एवढाच मार्ग उरतो. कंपन्या डॉक्टरने भरलेला आरोग्य अर्ज मागतात. त्यात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया लपवणे स्वतःच्याच जिवावर बेतू शकते. नेहमीच्या औषधांचा साठा ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन आठवडे जास्तीचा घ्यावा आणि तो हातातल्या बॅगेत ठेवावा. समुद्र लागू नये म्हणूनची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. विमा घेताना वैद्यकीय कारणासाठी दुर्गम भागातून बाहेर काढण्याचा खर्च आणि ध्रुवीय प्रदेश, दोन्ही त्यात समाविष्ट आहेत का हे पॉलिसीच्या कागदावर पाहावे. भारतातल्या अनेक साध्या प्रवास-विम्यांत हे नसते.

खर्चाचा अंदाज असा: द्वीपकल्पाच्या आलिशान सफरीला दोघांनी एक केबिन घेतल्यास माणशी साधारण १२ हजार ते ३० हजार डॉलर, दालन मोठे असेल तर त्याहून जास्त. एकट्याने केबिन घेतल्यास दीडपट ते दुप्पट दर लागतो; अनोळखी सहप्रवाशाबरोबर केबिन वाटून घ्यायची तयारी असेल तर काही कंपन्या जोडी लावून देतात. विमानभाडे, व्हिसा, विमा, उशुआयातला मुक्काम, बक्षिसी हे सारे वेगळे. आरक्षण बारा ते अठरा महिने आधी केले तर निवडीला वाव राहतो आणि सवलतही मिळते. उरलेली रक्कम निघण्याच्या तीन-चार महिने आधी भरावी लागते आणि त्यानंतर रद्द केल्यास बहुधा काहीच परत मिळत नाही. भारतातून पैसे भरताना परदेशी सहलीवरचा टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकून राहते, हे धरूनच तजवीज करावी. मुंबई-पुण्यातल्या काही सहल कंपन्या अंटार्क्टिकाचे गट नेतात. भाषेची आणि जेवणाची सोय होते, पण त्यांनी कोणते जहाज घेतले आहे आणि त्यावर एकूण किती प्रवासी, हा प्रश्न तिथेही पहिलाच विचारावा. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच कळवावे. उशुआया सोडल्यावर भाजीपाला कुठेच मिळत नाही.

अंटार्क्टिकाला व्हिसा लागत नाही, तिथे पोहोचायला ज्या देशांतून जावे लागते त्यांचा लागतो. अर्जेंटिनाची मुंबईत वकिलात आहे. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना अर्जेंटिनाने सवलत दिली आहे, पण असे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे: ओस्लोहून तिकडे जाणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे आणि परत येणे म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. म्हणून व्हिसा निदान दोन प्रवेशांचा हवा. ग्रीनलंडला साधा शेंगेन व्हिसा चालत नाही, डेन्मार्ककडून ग्रीनलंडसाठी वैध असल्याची स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते.

मुंबईहून ब्युनोस आयर्सला थेट विमान नाही. दोहा, दुबई, आदिस अबाबा किंवा युरोपमार्गे जायला पूर्ण दिवसाहून जास्त वेळ लागतो. ब्युनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत. आंतरराष्ट्रीय विमान एकावर उतरते आणि उशुआयाचे विमान बरेचदा दुसऱ्यावरून सुटते. मधे अख्खे शहर आहे. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही कमी असते. जहाज सुटण्याच्या निदान दोन दिवस आधी उशुआया गाठावे. चुकलेली बॅग तेवढ्या वेळात पोहोचू शकते, चुकलेले जहाज मात्र थांबत नाही.

कपड्यांबद्दल उगीच भीती असते. द्वीपकल्पावर उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपास, चार-पाच अंश इकडेतिकडे असते. त्रास देतो तो वारा आणि ओल. अंगालगत मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारे कवच, असे तीन थर पुरतात. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि अंग गार पडते, तो घरीच ठेवावा. जाड पार्का बहुतेक आलिशान जहाजांवर भेट मिळतो आणि बूट वापरायला मिळतात, तेव्हा त्यांची खरेदी करू नये. हातमोजे मात्र दोन जोड हवेत: आत पातळ, कॅमेऱ्याची कळ दाबता येईल असे, आणि बाहेर जाड जलरोधक. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळे आणि कातडी भाजून काढते, म्हणून चांगला गॉगल आणि सनस्क्रीन यांवाचून उतरू नये. कॅमेऱ्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवल्या की थंडीने लवकर उतरत नाहीत.

परतीची आखणीही सैल हवी. ड्रेकमध्ये वादळ आले तर जहाज उशिरा पोहोचते, त्यामुळे उशुआयाहून त्याच दिवशीचे सकाळचे विमान घेऊ नये. एक रात्र मधे ठेवावी. आणि निघण्यापूर्वीच एक काम उरकून ठेवावे: पिवळ्या तापाची लस. अर्जेंटिना, ब्राझील आणि वाटेतला इथिओपिया हे देश भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहेत, आणि तिथून येणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. साठीपुढच्यांनी ती घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण त्या वयात तिचे दुष्परिणाम होण्याची शक्यता थोडी वाढते. प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका पासपोर्टबरोबर ठेवावी. मुंबई विमानतळावर ती दाखवावी लागते.